हनी गोरामीची अंडी फुटतात, पण पिल्लं सहाव्या दिवसापर्यंत एकही उरत नाही

काळाचौकीकर (१९ जून)

नमस्कार मंडळी. तीनदा झालं, म्हणून विचारतोय.

काळाचौकीला चाळीत राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर. माशांची दोन फुटी टाकी कपाटाशेजारी ठेवलीय. जानेवारीत एका रविवारी सकाळी कुर्ल्याला गेलो होतो. एका दुकानात पिवळ्याधमक 'गोल्ड हनी'ची टाकी भरलेली होती आणि तिच्या खालच्या टाकीत सहा राखाडी-तपकिरी मासे कोपऱ्यात अंग चोरून उभे. दुकानदार म्हणाला, हेही हनी गोरामीच, पण मूळ रंगाचे, गिऱ्हाईक हात लावत नाही, सहाचे दोनशे द्या. घेतले. घरी आई म्हणाली, पैसे देऊन चिखलाच्या रंगाचे मासे कोण आणतं?

मार्चमध्ये त्यातला एक बदलायला लागला. आधी हनुवटी काळवंडली, मला वाटलं आजारी पडला. आठ दिवसांत तोंडापासून पोटाखालपर्यंत शाई ओतल्यासारखा निळा-काळा झाला, बाकी अंग काकवीच्या रंगाचं, आणि पाठीवरच्या पराची कड लिंबासारखी पिवळी. आता आईच शेजाऱ्यांना बोलावून दाखवते.

त्याने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलं. मादीसमोर जाऊन डोकं वर, शेपूट खाली असा सरळ उभा राहायचा. अंडी पडली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुटलीही. पिल्लं म्हणजे स्वल्पविरामासारखे बारीक काळे ठिपके, घरट्याला लटकलेले. चौथ्या दिवशी ती आडवी पोहायला लागली. मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घातला. पाणी पांढरट झालं, सहाव्या दिवशी एकही पिल्लू नाही. दुसऱ्या वेळी दुकानातलं पिल्लांचं पातळ खाणं आणून घातलं, तेच झालं. तिसऱ्या वेळी काहीच न करता सगळं मोठ्या टाकीत तसंच राहू दिलं, तर दोन दिवसांत सगळं गायब.

पाणी नळाचं, एक दिवस बादलीत ठेवून वापरतो. स्पंज फिल्टर आहे. तापमान २९-३०. कुठे चुकतंय? आणि एक शंका: बाकीचे पाच अजून तपकिरीच आहेत, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा. ती सगळी मादीच आहेत की दुसरीच जात गळ्यात मारलीय?

---

गप्पीप्रेमी_अँटॉपहिल (१९ जून)

भावा, बलक बंद कर. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी मिठाच्या पाण्यात फुटवून पहिल्या दिवसापासून दे. माझ्या गप्पीची पिल्लं त्यावरच वाढतात, एकही मरत नाही. आणि पिल्लं जास्त झाली तर टेन्शन कशाला, एखाद्या विहिरीत सोडून द्यायची. पालिकेवालेही डासांसाठी विहिरीत गप्पी सोडतातच की.

---

जुनी_लॅबवाली (२० जून)

काळाचौकीकर, तुझ्या नराने त्याचं काम चोख केलंय. पिल्लं उपाशी मेली, एवढंच. हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस, हनी गोरामी पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पिल्लं इथेच जातात. माझीही दोन खेपा गेली होती.

मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. आता मुलुंडला घरी नऊ टाक्या आहेत, त्यातल्या पाचांत आपल्याकडचे, म्हणजे भारतातलेच छोटे मासे. हनी गोरामी त्यातला माझा सगळ्यात लाडका, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तुझी शंका. तो गडद पट्टा मादीला असतो, पण घाबरलेल्या किंवा दबलेल्या नरालाही असतो. टाकीत एक नर दादा झाला की बाकीचे नर मादीसारखे तपकिरी राहून जीव वाचवतात. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवले, तेव्हा तोही यात फसला होता. एकाच माशाचे नर आणि मादी त्याने दोन वेगळ्या जाती म्हणून लिहिले, एकीचं नाव चुना, दुसरीचं सोता. आज शास्त्रीय नाव ट्रायकोगॅस्टर चुना हेच आहे. तेव्हा पाचांतले एक-दोन नर निघाले तर नवल नाही. दुसरी जात असती तर ती बहुधा जाड ओठांचा गोरामी असती. त्याची नारिंगी पिल्लं 'सनसेट' किंवा 'रेड हनी' म्हणून खपवतात आणि ती वाढून तळहाताच्या निम्मी होतात. तुझ्या नराचा गळा काळा झाला, तिथेच प्रश्न मिटला.

आता पिल्लं. अंड्यातून निघालेलं पिल्लू तीनेक मिलिमीटरचं, आणि त्याचं तोंड म्हणजे सुईच्या टोकाएवढं. आर्टेमियाचं नुकतं फुटलेलं पोर जवळपास अर्धा मिलिमीटर असतं. गप्पीचं पिल्लू जन्मतःच मोठं, त्याला ते चालतं. हनीच्या पिल्लाला ते गिळता येत नाही, ते आर्टेमियाच्या गर्दीत उपाशी मरतं. घरट्याला लटकलेलं असतं तोवर पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगतं, आडवं पोहायला लागलं की ती पिशवी संपलेली असते, आणि त्याच दिवशी त्याला खाणं हवं. हे तुझ्या चौथ्या आणि सहाव्या दिवसाशी ताडून बघ. अंड्याचा बलक तोंडात मावतो, पण पिल्लू हलणारी वस्तू शोधत असतं. न खाल्लेला बलक तळाशी कुजतो, अमोनिया वाढतो, आणि उपाशी पिल्लं त्यात आणखी लवकर जातात.

त्यांना हवेत पॅरामिशियम, म्हणजे पाण्यातले एकपेशीय जीव. आकार पाव मिलिमीटरच्या आसपास, सतत फिरणारे, आणि पाण्याच्या वरच्या थरात जमणारे. पिल्लंही तिथेच असतात.

कॉलेजात दरवर्षी प्रॅक्टिकलच्या आधी याचं कल्चर, म्हणजे ते वाढवायचं पाणी, लावायचं काम माझ्याकडे होतं. घरीही तसंच करते. देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या मावशीकडून दहा रुपयांची गवताची पेंडी आण. ओलं गवत घालू नकोस, घाण वास सुटतो आणि खोलीत राहणं कठीण होईल. पावसात वाळत नसेल तर फ्रिजच्या मागे दोन-तीन दिवस ठेव. मूठभर सुकं गवत लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळ, गार कर, गाळू नकोस. त्यात गव्हाचे चार-पाच उकडलेले दाणे टाक आणि तुझ्या जुन्या टाकीतली जावा मॉसची (पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीची) जुडी त्यात पिळ. ते पिळलेलं मळकट पाणी म्हणजे आपलं विरजण. बरणीवर फडकं बांधून ठेव, घट्ट झाकण नको. आधी पाणी गढूळ होईल, वर साय धरेल. ते जंतू आहेत, पॅरामिशियमचं खाद्य. पाच-सहा दिवसांनी पाणी पुन्हा निवळायला लागतं. तेव्हा रात्री दिवे बंद करून बरणीला बाजूने टॉर्च लाव. वरच्या दोन बोटं पाण्यात धुळीसारखे पांढरे कण संथपणे वळणं घेत फिरताना दिसले की झालं. धूळ सरळ खाली बसते, हे कण मागे वळतात. कॉलेजातली मुलं मायक्रोस्कोपकडे धावायची, मी त्यांना आधी नुसत्या डोळ्यांनी बघायला लावायचे.

हे पाणी तसंच टाकीत ओतलंस तर पुन्हा बलकासारखंच होईल. म्हणून एक युक्ती. लांब मानेची काचेची बाटली घे. मानेच्या खालपर्यंत कल्चर भर, मानेत कापसाचा सैलसर बोळा बसव, आणि बोळ्याच्या वर टाकीतलंच स्वच्छ पाणी हळू हळू सोड. खालच्या घाण पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून पॅरामिशियम कापसातून वाट काढत वर येतात. रात्री लावलं की सकाळी मानेतलं पाणी ड्रॉपरने काढायचं. निव्वळ पॅरामिशियम मिळतात, घाण खालीच राहते. दिवसातून तीन-चार वेळा दे, थोडं थोडं. पिल्लाचं पोट भिंगातून बघत जा. उपाशी पिल्लाचं पोट काचेसारखं आरपार दिसतं, भरलेल्याचं पांढरट आणि फुगीर.

खरं सांगायचं तर पिल्लांची तयारी अंड्यांच्या आठ दिवस आधी सुरू होते. कल्चर तयार नसेल तर जोडी लावूच नये. दोन बरण्या ठेव, एक बसली तर दुसरी.

मोठ्या टाकीत सोडून दिलेली पिल्लं बाकीच्या माशांनी खाल्ली. वेगळी टाकी कर, दीड फुटी पुरे, पाणी फक्त सहा इंच. अंडी पडली की मादीला काढ, कारण नर तिला घरट्याजवळ फिरकू देत नाही आणि लहान जागेत मारतो. पिल्लं आडवी पोहायला लागली की नरालाही काढ. तोवर तो तोंडात धरून सांडलेली पिल्लं घरट्यात परत ठेवत असतो, त्याला ते करू दे. स्पंज फिल्टरची हवा इतकी कमी कर की सेकंदाला एखादा बुडबुडा सुटेल. वर काच झाकायला विसरू नकोस. हे मासे वरची हवा घेतात, त्यासाठीचं इंद्रिय पिल्लांत पहिल्या काही आठवड्यांत तयार होतं. त्या काळात पाण्यावरची हवा उबदार आणि दमट हवी. चाळीतल्या खोलीत पंखा बहुतेक टाकीच्या डोक्यावरच असणार.

आणि अँटॉपहिल, तुमची गप्पी चांगली वाढतात त्याचा आनंद आहे, पण विहिरीत सोडायचं काढू नका. हनी गोरामी गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा. इथल्या पाण्यात तो पाहुणा, त्याच्याबरोबर आपल्या टाक्यांतले रोगही जातात. जास्त झालेली पिल्लं आपसात वाटावीत. तसंच कोणी राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यातून मासे काढून आणायचं सुचवलं तर तो गुन्हा आहे.

---

काळाचौकीकर (२० जून)

काकू, मनापासून आभार. दोनदा वाचलं. पंखा खरंच टाकीच्या वर आहे. आज संध्याकाळी देवळाबाहेरून गवत आणलं, मावशी म्हणाली गाय कुठे आहे तुझी?

दोन प्रश्न. बदामाची पानं टाकू का? आमच्या गल्लीत दोन झाडं आहेत. आणि माझ्याकडे एक गोल्ड हनीची मादी आहे, ती चालेल का? या नराला तिचीही ओढ दिसते.

---

टँकरपाणी_कांदिवली (२१ जून)

पानांबद्दल मी सांगतो. झाडाखाली आपोआप गळलेली लालसर पानंच घे, हिरवी तोडू नकोस. गल्लीतल्या झाडाखाली धूरफवारणी होते, म्हणून धुऊन, सुकवून, मग पाच मिनिटं उकळून टाक. माझं प्रमाण वीस लिटरला एक पान. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. नर पानाखालीच घरटं धरतो आणि पान कुजायला लागलं की त्यावर बारीक जीव धरतात, पिल्लं ते टिपत राहतात.

पाण्याबाबत मात्र तू नशीबवान आहेस. तुझ्याकडे तलावाचं पाणी येतं, ते मऊ असतं. आमच्या सोसायटीत वर्षातले सात-आठ महिने टँकर आणि बोअर मिसळून येतं, माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६०० च्या वर दाखवतं. त्यात माझ्या जोडीने घरटं केलं, अंडीही दिली, पण अर्ध्याहून जास्त अंडी बुरशी धरून पांढरी पडायची. आरओचं पाणी तीन भाग आणि नळाचं एक भाग केल्यापासून फरक पडला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर त्या दिवशी बदलू नकोस. आधीच दोन बादल्या भरून ठेव.

आणखी एक, जोडीला थंड पाण्याचा हबका दे. टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढून दोन-तीन अंश गार पाणी हळूहळू घाल. बाहेर पाऊस कोसळत असेल तेव्हा केलं तर माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरटं दिसतं.

---

जुनी_लॅबवाली (२१ जून)

कांदिवलीकरांचं बरोबर आहे, पानाबद्दलही आणि गार पाण्याबद्दलही.

गोल्डच्या मादीबद्दल माझं ठाम मत, नको. जात एकच, त्यामुळे अंडी फळतील, पिल्लंही गोड निघतील. पण मूळ रंगाची ओळ तिथेच तुटली. पिवळा मासा दुकानात पिवळा, घरी पिवळा, आजारी असला तरी पिवळाच. या तपकिरी माशाचा रंग म्हणजे त्याचं बोलणं आहे. घाबरला की पट्टा, खूश झाला की मध, घरटं केलं की गळ्यावर शाई. कुर्ल्याला आता महिनोन्‌महिने हे मासे दिसत नाहीत, कारण विकले जात नाहीत म्हणून कोणी मागवत नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी वेगळे ठेवले तरच राहतील. गोल्डच्या मादीला दुसऱ्या टाकीत हलव, तिचं काही वाईट होत नाही.

एकाच दुकानातले सहा म्हणजे बहुतेक एकाच विणीतले. एक-दोन पिढ्यांनी दुसऱ्या कुणाकडून नर बदलून घे. माझ्याकडे आहेत.

---

काळाचौकीकर (२६ जुलै)

महिनाभर लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही हातात येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

पहिली बरणी बिघडली. गवत पुरतं वाळलं नव्हतं, वास सुटला, आईने गच्चीवर नेऊन ओतली. दुसरी जमली. सातव्या रात्री टॉर्च लावला तेव्हा आई, मी आणि शेजारचा सहावीतला मुलगा तिघं बरणीला डोळे लावून होतो. पहिल्यांदा त्या मुलाला दिसलं. 'दादा, हा परत फिरला बघ,' म्हणाला. काकू, तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवलं.

३० जूनला दुपारी धो धो पाऊस लागला होता तेव्हा गार पाणी घातलं. २ जुलैला बदामाच्या पानाखाली घरटं, त्याच संध्याकाळी अंडी. मादीला लगेच काढलं. पुढचे तीन दिवस नर काही न खाता पानाखाली. एक पिल्लू घरंगळून तळाशी जायचं, तो डोकं खाली करून सूर मारायचा, तोंडात घ्यायचा आणि बुडबुड्यात फुंकायचा. एका तासात मी असे सतरा सूर मोजले. ६ तारखेला सकाळी पिल्लं आडवी पोहायला लागली, त्याला काढलं. तो दोन दिवस मोठ्या टाकीच्या काचेला तोंड लावून होता, ते बघवत नव्हतं.

बाटली आणि कापसाची युक्ती चालली. सकाळी सहाला, ऑफिसला निघताना, आणि संध्याकाळी आल्यावर मी. दुपारचं ड्रॉपर आईने सांभाळलं. चौथ्या दिवशी भिंगातून पोटं बघितली. सगळी भरलेली नव्हती, काही आरपारच दिसत होती आणि ती गेली. आठवडाभर रोज सकाळी तळाशी चार-पाच मेलेली सापडायची, एअरच्या बारीक नळीने ओढून काढायचो. बाराव्या दिवशी थोडा आर्टेमिया घातला तर मोठ्या पिल्लांची पोटं नारिंगी झाली. आईने ते बघितलं आणि म्हणाली, जेवली गं बाई.

टाकीवर काच आहे, वरून जुना टॉवेल. पंखा आता दोनवरच चालतो, सगळ्यांनी मान्य केलंय.

आज मोजली, फोटो काढून त्यावर टिंबं देत. ४१. सगळ्यात मोठं नखाएवढं, सगळ्यात लहान अजून तांदळाच्या दाण्याहून बारीक. आता दोन शंका. मोठी पिल्लं लहानांना खातील का, आणि सुकं खाणं कधी सुरू करू?

---

जुनी_लॅबवाली (२७ जुलै)

४१! पहिल्या खेपेला माझी ९ वाचली होती.

मोठी पिल्लं लहानांना खातात, आजच वेगळी कर. जाळीने धरू नकोस, कपाने पाण्यासकट उचल. लहानांना अजून आठ दिवस पॅरामिशियम चालू ठेव, त्यांची वाढ मागे आहे म्हणजे त्यांना मोठ्यांच्या गर्दीत खाणं मिळत नव्हतं. मोठ्यांना आर्टेमियाबरोबर चिमूटभर बोटांनी चुरलेलं सुकं दे, आधी सुकं, मग आर्टेमिया. उलट दिलंस तर सुक्याकडे बघणार नाहीत. रोज पेलाभर पाणी बदल, एकदम जास्त नको. टॉवेल अजून महिनाभर काढू नकोस.

नराला या महिन्यात पुन्हा लावू नकोस, तो उपाशी राहिलाय. त्याला डॅफनिया (पाण्यातल्या बारीक पिसवा) दे, मिळत नसेल तर गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या).

गणपतीनंतर पिल्लं बोटाच्या पेराएवढी होतील. त्यातली दोन तपकिरी जोडपी माझ्यासाठी ठेव, बदल्यात माझ्याकडचे दोन नर देते. मी मुलुंडहून करी रोडला उतरून येईन, डबा माझा मी आणेन.